कबर सापडत नाही, पावती मात्र छापून येते

वाचकांचे प्रश्न

दोन अंकांपूर्वी दफनभूमीच्या कार्यालयातल्या नोंदींवर मी थोडंसं लिहिलं होतं. वाटलं होतं, हा विषय कोण वाचणार! पण पत्रं आली, आणि बरीचशी एकाच सुरात: सॉफ्टवेअर आहे, काम मात्र वहीवरच चालतं. मी स्वतः एकोणीस वर्षं अशा कार्यालयात काढली, पहिली अकरा कारकून म्हणून आणि नंतरची नोंदींची जबाबदारी सांभाळत. त्यामुळे खाली लिहिलेल्यातलं बरंचसं माझ्याच चुकांतून आलेलं आहे. पत्रं थोडी कापली आहेत. नावं छापू नका, ही विनंती पाळली आहे.

आमच्या दफनभूमीसाठी तीन वर्षांपूर्वी खास सॉफ्टवेअर घेतलं. आज त्याचा उपयोग पावती छापण्यापुरता. कोणी कबर शोधत आलं की सहकारी अजूनही कपाटातली जाड वही काढतात. विश्वस्त विचारतात, दरवर्षी शुल्क भरतो त्यातून मिळतं काय? विक्रेता म्हणतो, पुढचं पॅकेज घ्या, त्यात नकाशा आणि मोबाइल अ‍ॅप आहे. घ्यावं का? — एक व्यवस्थापक

नको. निदान एवढ्यात नको.

आधी हे बघा की सहकारी वही का काढतात. आळसाने नक्कीच नाही. दहा किलोची वही टेबलावर ओढणं हे दोन अक्षरं टंकण्यापेक्षा कष्टाचं काम आहे आणि उगाच कष्ट कोणी घेत नाही. कधीतरी पडद्यावरचं उत्तर चुकलं असणार, एखाद्या नातेवाइकासमोर मान खाली घालावी लागली असणार, आणि त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं असणार की हे यंत्र पावत्यांपुरतंच बरं.

आमच्याकडे ती चूक मी केली होती. वहीत ‘क १४’ लिहिलेलं होतं, मी संगणकात ‘क ४१’ चढवलं. यंत्राच्या लेखी १४ मोकळी, ४१ भरलेली. १४ वर दगड कधी बसवलाच गेला नव्हता, त्यामुळे वरून बघणाऱ्यालाही शंका येण्याचं कारण नव्हतं. चार वर्षांनी ती जागा नव्या दफनासाठी दिली गेली. खोदकाम सुरू झालं आणि कमरेइतक्या खोलीवर फावडं लाकडाला लागलं. अकरा वाजता मंडळी येणार होती. खोदणाऱ्या दादांनी हात थांबवला, माती परत ढकलली आणि कार्यालयात येऊन एवढंच विचारलं, “बाई, वही बघितली होती का?” नव्हती बघितली. दुसरी जागा दिली, कुटुंबाला जे झालं ते खरं सांगितलं, त्यांना दीड तास ताटकळत ठेवलं. त्यानंतर दोन वर्षं माझ्या कार्यालयातही वहीच निघत होती. मी तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरमधून जास्त काही मिळवायचं असेल तर पहिलं काम बाहेर, उन्हात आहे. पडद्यावरची यादी जमिनीशी ताडून बघायची. एका विभागाची यादी कबरींच्या क्रमाने छापून घ्या, नावाच्या क्रमाने नको. दोघांनी निघायचं: एकाने दगडावरचं मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने यादीवर खूण करायची. जुळलं तर बरोबरची खूण, जुळलं नाही तर गोल, दगडच नसेल तर रेघ. प्रत्येक दगडाचा फोटो घ्यायचा आणि फोटोच्या नावात जागेचा क्रमांक टाकायचा. आम्ही दोघी सकाळच्या तीन तासांत दीडशेच्या आसपास कबरी उरकत असू. झिजलेली अक्षरं सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वाचता येतात. भर दुपारी तीच अक्षरं नाहीशी होतात. ऊन उलट्या बाजूला असेल तर एक मोठा आरसा घेऊन बाजूने उजेड टाकायचा. दगडावर खडू घासणं, तारेचा ब्रश मारणं किंवा दाढीचा फेस फासणं हे प्रकार मात्र करू देऊ नका. अक्षर आज वाचता येईल, पण दगड कायमचा खराब होईल.

हे काम छोट्या दफनभूमीचं आहे, मोठ्यांना कसं जमणार, असं विश्वस्त म्हणाले तर त्यांना आर्लिंग्टनचं सांगा. अमेरिकेची ती राष्ट्रीय लष्करी दफनभूमी १८६४ पासून चालू आहे. २०१० साली लष्कराच्याच चौकशीत निघालं की तिथे दोनशेहून जास्त कबरींच्या खुणा आणि नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याआधी संगणकीकरणावर भरपूर पैसा गेला होता, तरी कारभार कागदी कार्डांवरच चालला होता. मग २०११ च्या उन्हाळ्यात सैनिकांनी रात्रपाळीत फिरून आयफोनने एकेका दगडाचा फोटो काढला. दोन लाखांहून जास्त दगड. प्रत्येक फोटो कार्डाशी आणि इतर कागदपत्रांशी ताडला गेला. लोकांना कबर शोधून देणारं अ‍ॅप आलं ते २०१२ मध्ये, म्हणजे ताडून झाल्यावर. तुमचा विक्रेता हाच क्रम उलटा सांगतो आहे.

ताडताना एक दुरुस्ती हमखास करावी लागते. बऱ्याच ठिकाणी नोंद माणसाच्या नावाने उघडलेली असते आणि कबरीचा क्रमांक हा त्या माणसाचा एक तपशील म्हणून खाली कुठेतरी बसवलेला असतो. असं असलं की मोकळी जागा यंत्रात अस्तित्वातच नसते, आणि एका कबरीत दोघं असतील तर ती कबर दोनदा उगवते. जागेची नोंद स्वतंत्र हवी. तिला कायमचा एकच पत्ता हवा, मग तिथे कोणी असो वा नसो. राष्ट्रकुल युद्धकबर आयोग १९१७ पासून हेच करतो: विभाग, ओळ, कबर, या क्रमाने प्रत्येकाचा पत्ता. दीडशेहून जास्त देशांत, सुमारे २३ हजार ठिकाणी, सुमारे सतरा लाख जणांची स्मृती तो जपतो. ज्यांची कबर सापडली नाही त्यांना स्मारकाच्या भिंतीवरचा फलक क्रमांक मिळतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जागा’, ‘दफन’ आणि ‘हक्कदार’ (ज्याच्या नावावर त्या जागेत दफन करण्याचा हक्क आहे तो) असे तीन वेगळे कप्पे बहुधा आहेतच. ते बाजूला ठेवून सगळं ‘शेरा’ नावाच्या खान्यात कोंबलेलं असतं, एवढंच. मी पाहिलेल्या एका ठिकाणी त्या शेऱ्यात हक्कदाराचा फोन, दगडाचा रंग आणि ‘मुलगी परगावी असते, ऑगस्टमध्ये येणार’ हे सगळं सलग लिहिलेलं होतं. कोणत्या वर्षीचा ऑगस्ट, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता विश्वस्तांचं ‘मिळतं काय’. एक महिना खिडकीवर एक कोरा कागद ठेवा. आलेला प्रत्येक प्रश्न एका शब्दात टिपा आणि समोर लिहा की उत्तर पडद्यावरून मिळालं, वहीतून मिळालं की कोणी बाहेर चालत गेलं. आमच्याकडे फिरून फिरून चारच प्रश्न येत: कबर कुठे आहे, हक्क कोणाच्या नावावर आहे, आत आणखी एकासाठी जागा आहे का, आणि दगड बसवायची परवानगी दिलेली आहे का. या चारांची उत्तरं माणूस खुर्चीवरून न उठता देऊ शकला तर शुल्क वसूल झालं. बाकी रंगीत आलेख नाही काढले तरी चालतात.

चारांतला तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. दोघांसाठी घेतलेल्या जागेत पहिलं दफन पुरेसं खोल झालं असेल तरच दुसरं वर बसतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘खोली’ असा खाना असतो आणि मी आजवर पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तो रिकामा असतो. हक्क दोघांचा विकलेला असतो, पण पहिला खड्डा एकासाठीचा खणला गेलेला असतो. हे कळतं केव्हा, तर दुसऱ्या दफनाच्या आदल्या दिवशी लोखंडी सळई खुपसून बघितल्यावर. आजपासून होणाऱ्या प्रत्येक दफनाला तो खाना भरला जाईल एवढं बघा. दुसरं काहीही नाही केलंत तरी हे करा.

हे झाल्यावर सॉफ्टवेअरला असे प्रश्न विचारता येतील जे वहीला विचारताच येत नाहीत. ठरावीक मुदतीचे हक्क असतील तर पुढच्या दोन वर्षांत कोणते संपतात? कोणत्या हक्कदाराचा पत्ता तीस वर्षांत बदललेला नाही, म्हणजे तो बहुतेक आता तिथे राहत नाही? कोणत्या जागा विकल्या गेल्या पण पन्नास वर्षांत उघडल्या नाहीत? कोणते दगड गेल्या पाहणीत हलत होते? आणि किती वर्षं पुरेल इतकी जमीन उरली आहे? समजा पडद्यावर ६४० जागा मोकळ्या आणि वर्षाला सरासरी ८० दफनं, तर उत्तर आठ वर्षं असं दिसतं. पण त्या ६४० मध्ये झाडाच्या मुळांवरच्या, पाणी साचणाऱ्या, आणि पुढे ज्यांच्यावरून रस्ता गेला अशा जागाही असतात. त्या ‘वापरता न येणाऱ्या’ म्हणून वेगळ्या काढल्या की आठाची पाच होतात. नवी जमीन मिळवायला लागणारा काळ लक्षात घेता हा फरक विश्वस्तांच्या झोपेचा आहे.

मग नकाशा घ्या. तोपर्यंत विक्रेत्याला सांगा, आमचं चालणं चालू आहे.

जुन्या वह्यांतल्या नोंदी एक्सेलमध्ये भरून द्या, आम्ही सॉफ्टवेअरमध्ये चढवू, असं कंपनीने सांगितलं. सुट्टीत एका मुलाला बसवून सहा हजार नोंदी भरल्या. आता सॉफ्टवेअर सांगतं की आमच्याकडे काही माणसं २०२७ साली पुरली जाणार आहेत! १८८७ ची दफनं वयाच्या हिशोबात येतच नाहीत. काही कबरींचे क्रमांक तर चक्क तारखा झाले आहेत. मुलाची चूक की आमची? — वैतागलेली लेखनिक

मुलाला काही बोलू नका. हे एक्सेलचे जुने खेळ आहेत.

वर्ष दोनच आकड्यांत टंकलं की एक्सेल सहसा ०० ते २९ ला दोन हजारात ढकलतं आणि ३० ते ९९ ला एकोणीसशेत. वहीत ‘१२-३-२७’ होतं, त्याने तसंच भरलं, आणि १९२७ चा माणूस २०२७ मध्ये गेला. १८८७ चं दुखणं वेगळं. विंडोजवरच्या एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. त्याआधीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही, नुसती अक्षरं वाटतात, त्यामुळे बेरीज-वजाबाकी आणि क्रम दोन्ही बिघडतात. गंमत म्हणजे त्याच एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे, जो प्रत्यक्षात कधी उगवलाच नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या त्याआधीच्या प्रोग्राममधली ही चूक फाइली जुळाव्यात म्हणून मुद्दाम तशीच ठेवली गेली. आणि मुलाने काही काम मॅकवरच्या जुन्या एक्सेलमध्ये केलं असेल तर तेही बघा. तिथलं कॅलेंडर १९०४ पासून सुरू होई, त्यामुळे एका फाइलीतून दुसरीत चिकटवताना तारखा १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाने, सरकतात. एखाद्या विभागातले सगळेच चार वर्षं आधी किंवा नंतर वारलेले दिसले तर कारण हेच.

कबरींचे क्रमांक तारखा झाले कारण ‘३-१२’ दिसलं की एक्सेलला डिसेंबर किंवा मार्च आठवतो. ‘००७’ चं तर ‘७’ होतं. मोठमोठे शास्त्रज्ञही याला शरण गेले आहेत. काही मानवी जनुकांची नावं एक्सेल मार्च आणि सप्टेंबर समजून बदलत होतं म्हणून २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. तुम्हाला कबरींचे क्रमांक बदलायची गरज नाही. नवीन फाइल उघडा, भरायच्या आधी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलेलं चालत नाही, कारण मूळ अक्षरं तोवर गेलेली असतात.

तारखेसाठी चार रकाने ठेवा: दिवस, महिना, चार आकडी वर्ष, आणि ‘वहीत जसं लिहिलंय तसं’. चौथा रकाना वेळखाऊ वाटेल, पण खरी जान त्यातच. ‘मार्चच्या सुमारास’, ‘दिनांक अस्पष्ट’, किंवा इंग्लंडमधल्या फार जुन्या वह्यांत दिसतं तसं ‘१७४८/४९’ (तिथे १७५१ पर्यंत कायद्याने नवीन वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारीच्या नोंदीला दोन वर्षं लागत) हे सगळं दुसरीकडे कुठे मावणार? शिवाय वहीचा क्रमांक, पान आणि ओळ हेही घाला. म्हणजे पुढे शंका आली तर सहा हजार नोंदी परत चाळाव्या लागणार नाहीत.

कंपनीने जेव्हा ‘चढवलं’ म्हणून कळवलं, तेव्हा किती नोंदी गेल्या आणि किती नाकारल्या गेल्या याची यादी मागितली होतीत का? मागा. ती असते.

सॉफ्टवेअरच्या मोबाइल अ‍ॅपवर कबरीची खूण दिसते, पण भेट देणारे लोक शेजारच्याच ओळीत फुलं ठेवून जातात. फोन बदलून पाहिले. — विभाग देखरेख

फोनचा दोष नाही. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साध्या स्मार्टफोनची चूक साधारण ४.९ मीटर त्रिज्येची असते, असं अमेरिकी सरकारची जीपीएसविषयीची अधिकृत माहिती सांगते. झाडं, भिंती आल्या की ती आणखी वाढते. एक कबर सव्वा मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब धरली तर त्या वर्तुळात पंचवीसच्या आसपास कबरी बसतात. फोन तुम्हाला योग्य विभागात नेईल, योग्य दगडापाशी नाही.

खूण प्रत्येक कबरीवर फोन ठेवून घेतली असेल तर ते काम बाद समजा. एकदाच भूमापक बोलवा, त्याच्याकडे आरटीके उपकरण असतं, ते दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक जातं. त्याच्याकडून फक्त विभागांचे कोपरे आणि ओळींची टोकं मोजून घ्या. आतल्या कबरी टेपने मोजून नकाशात भरता येतात. आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला, जमिनीलगत, ओळीचा क्रमांक असलेली धातूची पट्टी लावा. पट्टीने आमच्याकडे जितकं काम झालं तितकं अ‍ॅपने झालं नाही, हे मी कबूल करते. अ‍ॅपमध्ये मात्र दगडाचा फोटो दिसायला हवा. माणूस शेवटचे पाच मीटर फोटो बघूनच चालतो.

जमिनीखालचं दाखवणारं रडार भाड्याने आणावं का, असं पत्राच्या शेवटी विचारलंत. दगड नसलेल्या जुन्या भागासाठी उपयोगी आहे. पण ते माती कुठे हलवली गेली होती एवढंच दाखवतं, नाव सांगत नाही, आणि चिकणमातीत त्याला फारसं दिसत नाही. आधी एक छोटा तुकडा तपासून घ्या.

नाव नक्की आहे, वहीत दिसतं, पण शोधात येत नाही. आमच्या नोंदी काही देवनागरीत, काही रोमनमध्ये आहेत. — नोंदणी खिडकी

रोमनमधल्या नावांसाठी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सारखा उच्चार’ असा पर्याय असेल. तो बहुधा साउंडेक्स या पद्धतीवर चालतो. अमेरिकेत १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं, म्हणजे ती संगणकाच्याही आधीची. स्वर गाळायचे, जवळच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा, अशी युक्ती. पण ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते, म्हणून ‘सी’ने लिहिलेली कॅथरीन आणि ‘के’ने लिहिलेली कॅथरीन तिला वेगळ्या बायका वाटतात. पहिलं अक्षर बदलून पुन्हा शोधा.

देवनागरीत दुखणं निराळं. ‘शिरीष’ आणि ‘शिरिष’ ही यंत्राला दोन नावं. ‘ऱ्य’ तर दोन पद्धतींनी टंकता येतं: कोणी नुक्तावाला ‘ऱ’ वापरतं, कोणी साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक न दिसणारं चिन्ह घालतं. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पण शोधात एक टंकलं तर दुसरं येत नाही. दोन कारकुनांचे दोन कळफलक म्हणजे एका आडनावाची दोन घराणी. कंपनीला सांगा, शोधण्याआधी दोन्ही रूपं एक करून घ्या. त्यांच्या प्रोग्रामरसाठी हे अवघड काम नाही, फक्त कोणी सांगितलेलं नसतं. तोपर्यंत अर्धंच नाव टाका आणि दफनाच्या वर्षाला दोन वर्षं मागे-पुढे मोकळीक द्या. आणि दगडावर वेगळं, वहीत वेगळं असेल तर ‘दुरुस्ती’ करू नका. ‘इतर नावं’ या खान्यात दोन्ही ठेवा. कोण बरोबर हे ठरवणं तुमच्या खिडकीचं काम नाही.

कंपनी बदलायची झाली तर आमच्या नोंदींचं काय? आणि सगळ्या नोंदी लोकांसाठी इंटरनेटवर टाकल्या तर चालतं का? — एक विश्वस्त

पहिल्याचं उत्तर कंपनी बदलायची वेळ येण्याआधी शोधायचं असतं. वर्षातून एकदा सगळा डेटा सीएसव्ही फाइलीत (कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडणारा साधा रकान्यांचा मजकूर) मागा, फोटो आणि स्कॅन वेगळ्या फोल्डरात, प्रत्येकाच्या नावात जागेचा क्रमांक. आल्यावर उघडून बघा. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या पद्धतीत, नाही, परत पाठवा. चित्रविचित्र लॅटिन अक्षरं दिसत असतील तर घाबरू नका. एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून न उघडता ‘डेटा’मधून आयात करा. करारात ‘डेटा परत’ असं नुसतं वाक्य असेल तर त्यावर जाऊ नका. त्यात पीडीएफही बसते आणि पीडीएफचा पुढे काही उपयोग नाही.

दुसऱ्याचं उत्तर तुमच्या देशाच्या कायद्यावर आहे. वैयक्तिक माहिती जपण्याचा युरोपचा २०१८ पासून लागू असलेला नियम (जीडीपीआर) मृतांच्या माहितीला लागू होत नाही, पण हक्कदार जिवंत असतो. नाव, तारीख, जागा, फोटो लोकांना दिसू द्या. हक्कदाराचा पत्ता, फोन आणि तो भयंकर ‘शेरा’ दिसू देऊ नका. आणि तुमचं सगळं कार्यालय एकाच पासवर्डवर चालतं हे तुमच्या पत्रावरून कळलं. कोणी काय बदललं हे सॉफ्टवेअर टिपतं, पण सगळेच एका नावाने आत शिरत असतील तर ते टिपणं फुकट जातं.

मी खोदकाम करतो, एकतीस वर्षं झाली. ऑफिसने टॅब दिला, म्हणाले खड्डा झाला की माहिती भरा. हाताला माती, बोटं ओली, पडदा ऐकत नाही. कुठे कोण आहे ते माझ्या डोक्यात आहे. मला हे कशाला? पत्र मुलीकडून लिहून घेतलं. — खोदकाम करणारा

दादा, टॅबचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मातीच्या हाताने तो चालत नाही, आणि हातमोजे काढून तो चालवत बसण्यात अर्थ नाही. कार्यालयाला सांगा की कामाच्या चिठ्ठीवरच चार रिकाम्या जागा छापून द्या: किती खोल गेला, काय लागलं (मुळं, पाणी, खडक, जुनं लाकूड), शेजारची बाजू ढासळली का, आणि तुमची सही. पेन्सिलीने भरायची, पेन ओल्या कागदावर उमटत नाही. दुपारी चिठ्ठी खिडकीवर द्यायची आणि टंकायचं काम कारकुनाने करायचं. टॅब त्यालाच द्या म्हणावं.

डोक्यातलं जे आहे त्याबद्दल मात्र माझी एक मागणी आहे. आमच्याकडच्या दादांना सळई न लावता सांगता येई की कुठला खड्डा दोघांचा आहे. कोणत्या ओळीत नकाशापेक्षा एक कबर जास्त आहे हेही त्यांना ठाऊक होतं, कारण फार पूर्वी तिथे एका बाळाला दोन कबरींच्या मध्ये ठेवलं होतं आणि वहीत ते कोणी लिहिलं नव्हतं. मी त्यांच्याबरोबर फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून ओळीओळीने फिरले. ते बोलत, मी फक्त प्रत्येक कबरीपाशी क्रमांक उच्चारत असे. रोज अर्धा तास, काम नसेल तेव्हा. पाच आठवडे लागले. ‘माहिती कोणी दिली’ या खान्यात त्यांचं नाव घातलं. त्यांनी ते पडद्यावर बघायला मागितलं, दोनदा.

तुमच्या कार्यालयातल्या कोणाला तरी असं बरोबर घ्या. हे पत्रही त्यांना दाखवा. सुरुवात झाडाखालच्या ओळीपासून करा. मुळांनी तिथले दगड आधीच सरकवलेले असतात, आणि कुठला कुठून सरकला हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही.